डाव्या भुवईवरचा व्रण

पुरे, पुरे! सोड माझं कपाळ, हेराइस. आल्या आल्या त्या व्रणाचे मुके कसले घेतेस, मी काय देवळातली मूर्ती आहे? दार ओढून घे आणि बस इथे मागापाशी, सावलीत. किती घाम फुटलाय तुला! डबा खाली ठेव. मांडीवरच हवा? बरं बाई, राहू दे मांडीवर.

या आठवड्याची प्रभूची भाकर हवी ना? देते. सगळ्या बायका सकाळीच नेऊन गेल्या, तूच उरली होतीस. पण आधी माझं थोडं ऐक.

काय म्हणालीस आत्ता? "मावशी, तुमच्यासारखा धीर मलाही यावा." धीर! अगं, तो माझ्याकडे असता तर तुला अर्धा काढून दिला असता. परवा पंच पुन्हा देवळात बसणार, घेतलेले कागद पडताळायला, हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाहीये. मरी आली म्हणून देव कोपले, देव कोपले म्हणून सगळ्यांनी धूप घालायचा आणि तसा कागद घ्यायचा. सम्राट नवा, फर्मान तेच. आणि तुम्ही सगळ्या रांग लावून माझ्या भुवईला ओठ टेकवताय. शिपायांनी तायेसिसला मारलं, तरी ती हटली नाही, त्याची ही खूण म्हणे! कोणी पसरवलं हे? मी नाही. पण मी खोडूनही काढलं नाही, आणि तीन वर्षं गप्प बसणं म्हणजे सांगण्यासारखंच झालं.

हा व्रण शिपायांनी केलेला नाही. माझ्या ताईनं केला, वस्तऱ्यानं. मला खोटं बोलता यावं म्हणून.

तोंड मिट, माशी जाईल.

तामुस्थाताईला तू पाहिलंयस, पण ती आजारी पडल्यावर. तीन वर्षांपूर्वी तिचा आवाज कालव्याच्या पलीकडे ऐकू जायचा. मी विधवा, तीही विधवा. एकाच अंगणात दोन खोल्या आणि मधे हा माग. ती सूखोसची भक्त. दर सणाला मगरदेवाच्या तळ्यावर मध घातलेल्या पोळ्या घेऊन जायची. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "तुझा देव काही खातबित नाही म्हणे. स्वस्तात पडला." तेवढ्यावर मिटलं.

तिच्या डाव्या भुवईवर व्रण होता, लांबट, मधे केस न उगवलेला. मी चार वर्षांची असताना पाणी उपसायच्या ओकतीखाली जाऊन उभी राहिले होते. वासा वरून येत होता. तिनं मला ढकललं आणि तो तिला लागला. आई सांगायची, रक्तानं तिचा डोळाही दिसेना, तरी ही विचारत होती, धाकटी कुठाय.

आणि माझ्या अंगावर व्रण म्हणून नव्हता. तुला माहीतच आहे, आपल्याकडे गाढव विकत घ्यायचं असो की लग्न करायचं असो, कागदावर नाव, बापाचं नाव, वय आणि व्रण कुठे ते लिहिल्याशिवाय कारकून हलत नाही. माझ्या लग्नाच्या कागदावर लिहिलंय, "व्रण नाही". मला त्याचा केवढा तोरा होता! ताईला चिडवायची मी, तू फुटका माठ आणि मी अख्खा.

तर त्या वर्षी पाउनी महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, फर्मान आलं. नदीला पाणी चढायला लागलं होतं. दवंडीवाला म्हणाला, ज्यानं त्यानं देवळाच्या अंगणात पंचांसमोर धूप घालायचा, द्राक्षारस ओतायचा, नैवेद्याचं मांस चाखायचं आणि कागद घ्यायचा. कागद नसेल त्याला कोठडी, पुढे दगडाच्या खाणी, आणि त्याच्याही पुढे काय ते कोणी बोलत नव्हतं.

आपली मंडळी तेव्हा एकोणीस जणांची. कोप्रेस मंडळीचे वडीलधारे. तू त्यांना पाहिलं नाहीस. उकिरड्यावर सापडलेलं मूल, म्हणून नावही तेच पडलं, उकिरड्या. कपडे धुवायचं काम करायचे, हात कायम पांढरे आणि भेगाळलेले. त्यांच्या धुण्याच्या हौदांमधे आम्ही जमायचो. ते म्हणाले, "जायचं नाही. आणि ऐका, न जाता कागद मिळवायची वाटही आहे, मला ठाऊक आहे. तीही नको. वेदीपुढे न वाकता वाकलो असं लिहून घेतलं, तर आपण दोघांनाही फसवलं, त्यांनाही आणि प्रभूलाही."

सगळ्यात मोठ्यांदा "नाही जाणार" कोण म्हणालं असेल? मीच. ज्याच्या पोटात गोळा असतो ना, त्याचाच आवाज मोठा निघतो.

घरी आले आणि तो आवाज विरला. धोटा हातातून निसटायचा. बाहेर कुणाची चप्पल वाजली की मी माग थांबवायची. कबुतरं उडाली तरी मी दाराकडे बघायची. दहा दिवस मसुराची आमटी पुढ्यात घ्यायची आणि तशीच ताईच्या बकरीला घालायची. ताई बघत होती. बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला कळायला हवं होतं.

एक दिवस दुपारी ती आली, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि माझ्या मांडीवर कागद टाकला.

"घे. तू धूप घातलास."

"मी?"

"तूच. तायेसिस, वय वर्षं पन्नास. मांसही चाखलंस. जरा खारट होतं."

गेल्या आठवड्यात ती स्वतःच्या नावानं जाऊन आली होती. आज पुन्हा गेली, माझ्या नावानं. रांगेत तीनशे माणसं आणि उन्हानं बेजार झालेला कारकून, त्याला कुठली बाई कुठली ते काय कळणार?

आता मी काय करायला हवं होतं? फाडायला हवा होता ना तो कागद? तिच्या तोंडावर फेकायला हवा होता? हेराइस, माझा जीव भांड्यात पडला. तुला खरं तेच सांगते. मी तो कागद छातीशी धरला आणि रडले, आणि ते रडणं आनंदाचं होतं. संध्याकाळी मी आमटीचे दोन वाडगे संपवले. ताईनं वर तेल घातलं, मुळ्याच्या बियांचं. इतकी चव मला आयुष्यात कशाला लागली नव्हती.

कागद लपवायचा कुठे? घरात शिपाई शिरले तरी कुणी हात लावणार नाही अशी एकच जागा, प्रभूच्या भाकरीचा डबा. भाकर वर, कागद खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले. आपला नेम तुला ठाऊक आहे, दुसरं काही तोंडात घालायच्या आधी डब्यातला तुकडा. झाकणावर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला. आत प्रभूचं शरीर आणि त्याच्याखाली "मी धूप घातला". म्हटलं, आज पोट बरं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. तिसऱ्या दिवसापासून मी त्या कोनाड्याकडे पाठ करून बसायला लागले. भाकर वाळत चालली. कधी डबा हलवला तर आत खड्यांसारखी वाजायची.

मग कोप्रेसना पकडून नेलं, त्यांच्यामागून आणखी सहा जणांना. लपून राहिलेल्या बायका रात्री माझ्याकडे आल्या. "तायेसिस, तुला कसं नाही नेलं गं?" आणि मी म्हणाले, "प्रभूची कृपा." हे बोलताना जीभ अडखळलीही नाही माझी. त्या माझ्या गळ्यात पडल्या. म्हणाल्या, तूच आता कोठडीत जेवण ने, तुला कोणी अडवत नाही. अडवतील कशाला? पहारेकऱ्याकडे यादी होती, कागद मिळालेल्यांची, आणि तिच्यात माझं नाव होतं!

धान्याच्या कोठारामागची ती कोठडी. आत इतकी कोंदट हवा की दिवा जळेना. कोप्रेसनी माझ्या हातातल्या कांदा-भाकरीला हातही लावला नाही. आधी विचारलं, "पोरी, सकाळची भाकर घेतेस ना रोज?"

"हो," मी म्हणाले, जमिनीकडे बघत.

"बरं," ते म्हणाले. एवढंच. मग कांदा फोडून बाजूच्या माणसाला दिला.

त्या एका 'बरं'नं माझी झोप गेली. ओरडले असते, थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

आणि मग पुन्हा दवंडी. शेजारच्या कुठल्याशा गावात खोटे कागद सापडले होते. जिल्ह्याच्या गावाहून नवा कारकून दुसऱ्या प्रती घेऊन येणार, बारा दिवसांनी. कागद घेतलेल्या प्रत्येकानं यायचं, वाचलं जाईल ते जुळवून दाखवायचं. ताई पळत आली.

"कागद काढ. काय लिहिलंय त्याच्यावर?"

आम्हा दोघींनाही वाचता कुठे येतं? समोरच्या शेतसाऱ्याच्या लेखनिकाची म्हातारी आई होती, तिला अक्षरं कळायची. तिनं बोट लावत लावत वाचलं. "तायेसिस... वय पन्नास... डाव्या भुवईवर व्रण."

कारकुनानं त्याचं काम चोख केलं होतं. समोर जी बाई उभी होती, तिचाच व्रण लिहिला होता.

अंगणात परत आलो आणि ताईनं मला भिंतीला टेकवून बसवलं. तिच्या हातात वस्तरा होता, नवऱ्याचा, जपून ठेवलेला. "बारा दिवस आहेत. खपली धरून पडेलसुद्धा."

"ताई, मी जाऊन सांगते. खरं काय ते सांगते."

"काय सांगशील? की बहीण दोनदा आली? मला सोडतील ते? मी देवासमोर खोट्या नावानं उभी राहिलेय, तायेसिस! तुला वाटतं तुझाच देव रागावतो? मला दोन आठवडे झोप नाही. मी मनातल्या मनात म्हटलं होतं, सूखोसा, नाव खोटं आहे पण धूप खरा आहे, तेवढं चालवून घे. त्यानं घेतलं की नाही मला माहीत नाही. मेल्यावर काळीज तोलतात तेव्हा कळेल."

मला कधी सुचलंच नव्हतं बघ. मला वाटायचं, भीती काय ती आपल्याला, ख्रिस्ताच्या माणसांना. तिचं काय, तिनं नेहमीसारखा धूप घातला आणि आली घरी. मी पहिल्यांदा तिचे हात बघितले. माझ्यासारखेच कापत होते.

मी डोळे मिटले आणि म्हणाले, काप.

ताईसाठी केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. हेराइस, मी माझ्यासाठी केलं. खाणीत जायचं नव्हतं मला.

वस्तरा थंड होता. रक्त डोळ्यात उतरलं. आणि ती मला म्हणते कशी, "हलू नकोस गं, वाकडं जाईल. अख्खा माठ ना तू? आता हो माझ्यासारखी." ती हसत होती आणि रडतही होती. वर राख आणि मध दाबला.

बारा दिवस मी कोठडीकडे फिरकले नाही. बायकांना सांगितलं, मागाच्या दांडीवर आपटले. त्यांनी आपसात ठरवलं की मी सांगत नाही, पण शिपायांनी मारलं असणार. तुझ्या त्या पवित्र खुणेचा जन्म हा असा आहे.

तो दिवस उजाडला. देवळाचं अंगण भरलेलं. वेदीत निखारे. बाजूला चार शिपाई, मळलेले, कंटाळलेले. नवा कारकून म्हणजे एक वाळका माणूस, डोक्यावर ओला पंचा. माणूस वाईट नव्हता गं, थकलेला होता. नाव वाचायचा, व्रण वाचायचा, मान वर करून बघायचा, पुढे.

आम्ही एकाच अंगणातल्या, म्हणून रांगेत एकीमागे एक. माझं नाव आलं.

"तायेसिस. वय पन्नास. डाव्या भुवईवर व्रण." त्यानं माझी हनुवटी धरून वर केली. "ताजा दिसतोय."

 मागून ताई म्हणाली, "जुन्यावरच पुन्हा आपटली हो, सरकार. धड चालता येत नाही हिला."

लोक हसले. तोही किंचित हसला. "जा. पुढची."

मी सुटले! कागद हातात, आणि समोर दहा पावलांवर फाटक. फाटकाबाहेर बांध, बांधावरून घर. मी चालायला लागले. चार पावलं झाली असतील.

"तामुस्था. वय छप्पन. डाव्या भुवईवर व्रण." मग तो थांबला. "ए, थांबवा तिला. त्या आधीच्या बाईला." शिपायानं माझ्यापुढे काठी आडवी धरली. मारली नाही, नुसती धरली.

कारकुनानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "दोघी बहिणी. एकच भुवई. एकच व्रण. एक जुना, एक नवा." मग तो ताईला म्हणाला, आवाज न चढवता, "बाई, तू इथे किती वेळा आलीस?"

"एकदा," ताई म्हणाली.

"आणि ही?"

"ती तिची ती आली. आम्ही दोघी लहानपणी एकाच ओकतीखाली सापडलो."

त्यानं पुन्हा एकदा आमच्या दोघींच्या भुवया पाहिल्या. त्याला कळलं होतं, पण पुढे अजून दोनशे माणसं उभी होती, आणि एवढ्यासाठी दोन म्हाताऱ्यांना धरून नेण्याची त्याला हौस नव्हती. म्हणाला, "ठीक. वेदीवर हात ठेव. सूखोसची शपथ घेऊन सांग की तुझ्या बहिणीनं स्वतः धूप घातला. तेवढं सांग आणि दोघी घरी जा."

किती सोपं, नाही? एक वाक्य.

मी ताईचा चेहरा पाहिला. तो चेहरा मला अजून दिसतो, माग चालवताना दिसतो, जेवताना दिसतो. धूप खोट्या नावानं घातला, त्याला तिनं पळवाट काढली होती. शपथेला पळवाट नसते. जिनं आयुष्यभर त्या देवाला पोळ्या वाहिल्या, ती आता त्याच्याच वेदीवर हात ठेवून खोटं बोलणार होती. तिला पक्कं माहीत होतं, की याच्यापुढे मेल्यावर तिला कुठेही जागा नाही. तिचा रंग मातीसारखा झाला. तरी तिनं हात उचलला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघितलं असतं तर मला ओशाळं वाटलं असतं म्हणून. हात वेदीकडे चालला होता, हळूहळू.

आणि मी? मी उभी होते. मनात काय आलं सांगू? आलं की, ठेव गं लवकर. ठेव एकदाचा, म्हणजे सुटू.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कोप्रेसनासुद्धा नाही.

मग तिची बोटं दगडाला टेकायला आली आणि मला तो वासा दिसला. ओकतीचा, वरून येणारा. ही माझ्यासाठी दुसऱ्यांदा त्याच्याखाली शिरत होती.

"ताई, हात काढ!"

मी ओरडले ते मलाच परकं वाटलं. "हात काढ तिथून! शपथ घेऊ नकोस! सरकार, मी धूप घातला नाही. मी ख्रिस्ती आहे. हा व्रण खोटा, कागद खोटा. तिनं माझ्या नावानं केलं ते माझ्या जिवासाठी केलं, आणि ते मी जवळजवळ महिनाभर डब्यात लपवून ठेवलं, म्हणून जास्त चूक माझी आहे."

बोलताना माझ्या पायांवरून ओल खाली गेली. सगळ्या गावासमोर; आपल्यातलं तेवढं कुणी नव्हतं तिथे, आणि गाव पुढे जे बोललं ते आपल्या बायकांनी खरं धरलं नाही. पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. हा माझा धीर, बघ.

ताईनं हात मागे घेतला. जमिनीवर बसलीच ती. आणि मला शिपाई ओढून नेत होते तेव्हा मागून तिचा आवाज आला, कालव्यापलीकडे जाईल असा, "मूर्ख! इतकं छान कापलं होतं मी!"

तिला बारा फटके बसले. छप्पन वर्षांच्या बाईला. पाठ बरी झाली, पण उजवा खांदा पुन्हा पूर्ण वर गेला नाही. म्हणून तिच्या वाटचा माग मीच चालवायची, ते तू पाहिलंयस. ते फटके माझ्या खोट्यापायी बसले. पहिल्याच दिवशी कागद फाडून मी पंचांकडे गेले असते, तर कदाचित दोन-चारच बसले असते, कदाचित एकही नाही. मला माहीत नाही. हे न कळणं माझ्याबरोबर थडग्यात येणार आहे.

मी दहा महिने कोठडीत होते. कोप्रेस तिथेच, माझ्यापासून हातभर अंतरावर. पहिल्या सकाळी त्यांनी त्यांच्या वाटचा तुकडा मोडून अर्धा मला दिला. मी घेईना. तेव्हा म्हणाले, "घे. त्या दिवशी तू 'हो' म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं, घेत नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील याची वाट बघत होतो."

भले होते बिचारे. सातव्या महिन्यात गेले, खोकत खोकत. पण त्यांचं हे मला पटलेलं नाही, अजून नाही. त्यांनी त्या दिवशी माझा कान धरून विचारलं असतं, तर ताईचा खांदा वाचला असता.

आणि जेवण कोण आणायचं, ओळख. तामुस्थाताई. एका हातानं टोपली धरून, रोज, दहा महिने. "तुझा उकिरड्या जेवला का?" असं पहारेकऱ्यादेखत विचारायची. सम्राट लढाईत मेला, दारं उघडली, तेव्हा मला घरी नेतानाही शिव्या देत होती. गेल्या हिवाळ्यात मरीनं गेली. शेवटच्या दिवशी मी विचारलं, ताई, बाप्तिस्मा घेतेस? म्हणाली, "नको गं. सूखोसनं माझं एक खोटं पोटात घातलंय, दुसरं नव्हतं त्याच्यापुढे करायचं. तू वाचवलंस त्यातून. आता मी त्याला सोडून कशी जाऊ?" मंडळीच्या प्रार्थनेत तिचं नाव घेत नाहीत. मी घेते, ओठांतल्या ओठांत, आणि मला कुणी अडवून दाखवावं.

झालं. आता तू.

डबा घट्ट धरलायस, केव्हापासून बघतेय. तू दारातून आत आलीस तेव्हाच वाजला तो. मागच्या प्रभुवारी मी तुला सात तुकडे दिले होते. आत्तापर्यंत रिकामा हवा होता तो. खड्यांसारखा वाजतोय, हेराइस. तो आवाज या गावात माझ्याएवढा कुणी ओळखत नाही.

नको, बोलू नकोस. खोटं बोलशील, आणि मग ते तुलाच जड जाईल. मी ओरडणार नाही. भीती काय असते ते मला शिकवायला कोणी नको. पण मी कोप्रेस नाही, मी वाट बघत बसणार नाही. झाकण काढ.

काढ गं राणी.

हं. किती बारीक घडी केलीस. मलाही अशीच जमली होती.

कोण उभं राहिलं तुझ्या जागी? बहीण तर नाही तुला. मग?... आई? अगं, ती तर डोळ्यांनी अधू. तिला धरून कुणी नेलं वेदीपर्यंत? तू नेलंस?

रड. मोकळी रड, मी आहे इथे. पण परवा पंच तिचा हात कुठे ठेवायला सांगतील ते तुला आता ठाऊक आहे. तिला सांग आज, घरी गेल्या गेल्या. आणि उद्याच जाऊ आपण, तू आणि मी, ते बोलवायच्या आधी. त्यांना सांगू काय ते. मी पुढे बोलेन, तू मागे उभी राहा. नाहीतर तू पुढे बोल, माझी बोबडी वळते.

पुन्हा कपाळाकडे काय येतेस? तिथे काही नाही, सांगितलं ना. हात दे इकडे. इथे, माझ्या गुडघ्यावर ठेव. कसा कापतोय, बघ. आत्तापासून. उद्याही असाच कापेल. चल, आधी तो वाळका तुकडा दे मला, आपण दोघी मिळून खाऊ.